हवामानाचा आराखडा आणि कामगाराची वही

‘हवामानबदल, राज्यशासन आणि आपण’ हा विषय चालकांनी आमच्याकडे सोपविला तेव्हा आम्ही प्रथम नकार दिला. आमचे शाळेतले शिक्षण आठवीला संपले; पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत आणि कायद्याच्या पुस्तकांत. शास्त्रीय विषयावर बोलायला शास्त्रज्ञ बोलवा, असे आम्ही म्हणालो. त्यावर चालकांचे उत्तर असे की, शास्त्रज्ञ येऊन गेले. आता ज्या गावाच्या एका अंगाला कोळसा आणि दुसऱ्या अंगाला नदी आहे अशा गावचा माणूस हवा आहे. कन्हानचे हे वर्णन खरे असल्यामुळे आम्हांला पुढे नाही म्हणवेना.

विषयाचे तीन भाग पडतात. हवामान बदलते म्हणजे काय होते. त्यावर शासन काय करते. आणि ‘लोकांचा सहभाग’ हा जो शब्द प्रत्येक परिपत्रकात असतो त्याचा प्रत्यक्षात अर्थ काय. पहिल्या दोहोंविषयी थोडक्यात सांगून तिसऱ्याकडे वळू, कारण त्याविषयी आम्ही काही पाहिलेले आहे.

आज ऊन आहे, उद्या पाऊस पडेल, ही झाली हवा. तीस वर्षांची हवा एकत्र धरून जो स्वभाव दिसतो ते हवामान. माणूस एखाद्या दिवशी रागावला म्हणून तो रागीट ठरत नाही. पण त्याचा स्वभावच बदलू लागला तर घरच्यांना काळजी वाटते. पृथ्वीचे तसे झाले आहे. सूर्याची उष्णता जमिनीवर येते आणि जमीन ती परत आकाशात टाकते. वाटेत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, आणि पाण्याची वाफ यांसारखे वायू त्यातली काही उष्णता अडवितात. १८५९ साली टिंडॉल या शास्त्रज्ञाने हे प्रयोगाने दाखविले आणि १८९६ साली स्वीडनच्या अऱ्हेनियसने त्याचे गणित मांडले. ही वायूंची गोधडी नसती तर पृथ्वी गोठून गेली असती. पण गोधडी जाड होत गेली तर आतला माणूस घामाघूम होतो. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे.

हा वायू येतो कोठून, हे कन्हानच्या माणसाला वेगळे सांगायला नको. एक किलो शुद्ध कर्ब जळाला की हवेतला प्राणवायू घेऊन त्याचा सुमारे ३.६७ किलो कर्बवायू होतो. आपल्या कोळशात राख बरीच, म्हणून हा आकडा कमी पडतो. परंतु ती राख कोठे जाते हा दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्याकडे आपण पुढे येऊ. गोंडेगाव, इंदर, कामठी, सिल्लेवाडा या खाणींचा कोळसा आणि कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या आपल्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्यावर आमची चूल पेटली, आमची मुले शिकली. म्हणून कोळशाला शिव्या देणे आम्हांला जमत नाही, आणि त्याचा परिणाम झाकणेही जमत नाही.

परिणाम दोन प्रकारांनी जाणवतो. एक उष्मा. नागपूरला मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. दुसरा पाऊस. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक वाफ मावते. त्यामुळे पाऊस आला की एकदम कोसळतो आणि मधले कोरडे दिवस लांबतात. आपल्या नदीचे दोन सलग पावसाळे आठवावेत. जुलै २०१९ मध्ये पेंचच्या तोतलाडोह धरणात पाणी उरले नाही आणि नागपूर शहराला आठवड्यातले काही दिवस नळाचे पाणी बंद ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, वरच्या धरणांचे दरवाजे उघडले आणि पेंच-कन्हानला असा पूर आला की पारशिवनी, कामठी, मौदा, कुही या तालुक्यांतील गावे पाण्यात गेली. या दोन्ही गोष्टींना एकटे हवामान जबाबदार आहे असे आम्ही म्हणणार नाही. मध्य प्रदेशातील चौराई धरणामुळे पेंचचे येणे कमी झाले, आणि धरणातून पाणी सोडण्याची वेळ माणसेच ठरवितात. पण टोकाचा दुष्काळ आणि टोकाचा पूर असे पाठोपाठ येऊ लागले म्हणजे जुन्या अंदाजांवर चालणारी व्यवस्था अपुरी पडते, एवढे निश्चित.

आता शासनाकडे वळू. केंद्र सरकारने जून २००८ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि पुढे राज्यांना आपापले आराखडे करण्यास सांगितले. महाराष्ट्राने दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेकडून अभ्यास करविला; त्याचा अहवाल २०१४ साली आला आणि २०१७ साली शासनाने त्यावर आधारलेले धोरण स्वीकारले. पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले. २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या नावांखाली नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांच्या कामाला गुण द्यावयाचे, अशी त्याची रचना. पहिल्या वर्षी ६८६ स्थानिक संस्था त्यात होत्या. पुढे ही संख्या हजारांवर गेली. राज्य वातावरणीय कृती कक्षही स्थापन झाला. शेतीसाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुमारे ५,००० गावांत राबविला गेला. त्यात गावकऱ्यांनीच आपल्या गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडावा अशी योजना होती.

शासन काहीच करीत नाही, अशी तक्रार करण्यास म्हणून जागा नाही. अडचण निराळी आहे. आराखड्यात जे लिहिले ते घडले की नाही हे विचारणारा कोण, आणि त्याने विचारले तर उत्तर देण्यास बांधलेला कोण, हे बहुधा लिहिलेले नसते. राज्यात २०१६ पासून चार वर्षांत ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. त्यातली ३३ कोटी एकट्या २०१९ सालची. पुढे त्यातली जगली किती, हा वाद विधानसभेपर्यंत गेला. झाड लावताना फोटो निघतो. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला पाणी कोणी घातले याची नोंद गावाने ठेवली असती तर हा वाद मुंबईला न्यावा लागला नसता.

येथे आम्ही आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. १९५५ च्या खाण नियमांत १९८० च्या दशकात एक भर पडली. पाचशे किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खाणीत, कामगार संघटनेशी सल्लामसलत करून, कामगारांपैकीच जाणत्या माणसांना निरीक्षक म्हणून नेमावयाचे. असा कामगार-निरीक्षक खाणीत फिरे, छप्पर, हवा, यंत्रे, वाटा पाही आणि जे दिसेल ते पाने क्रमाने मोजलेल्या एका बांधीव वहीत लिही. नियमातली खरी गोम पुढे आहे. त्या नोंदीसमोर व्यवस्थापकाने काय उपाय केला आणि कोणत्या तारखेला केला, हे त्याच वहीत लिहावयाचे असे. निरीक्षकाला कोणाला शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता, खाण बंद करण्याचाही नव्हता. त्याच्या हातात फक्त वही होती. परंतु समोरचा रकाना कोरा राहिला तर तो कोराच दिसे, आणि मोठा साहेब तपासणीला आला की त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवी. सगळीकडे हे नीट चालले असे नाही. जेथे निरीक्षक भिडस्त निघाला तेथे वहीत ‘सर्व ठीक’ एवढेच लिहिलेले आम्ही पाहिले आहे. तरी जेथे वही चालली तेथे भिंतीवरच्या सूचनेपेक्षा ती अधिक उपयोगी पडली.

आमचे म्हणणे एवढेच, की हवामानाच्या प्रत्येक आराखड्याला अशी एक वही हवी. तिच्यात नोंद लोकांची आणि उत्तर शासनाचे.

प्रथम उष्म्याचा आराखडा घेऊ. मे २०१० मध्ये अहमदाबादला मोठी लाट आली. पुढे अभ्यासकांनी हिशोब मांडला तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. २०१३ साली त्या शहराने देशातला पहिला उष्माघात प्रतिबंधक आराखडा केला, आणि २०१६ साली नागपूर व आसपासच्या शहरांसाठीही तसा आराखडा तयार झाला. वेधशाळेने आधी इशारा द्यावयाचा, दवाखान्यांनी थंड खोल्या सज्ज ठेवावयाच्या, पाणपोया घालावयाच्या, बागा दुपारी उघड्या ठेवावयाच्या, अंगमेहनतीच्या कामाच्या वेळा बदलावयाच्या, असा हा साधा आणि शहाणपणाचा कार्यक्रम आहे.

काही वर्षांपूर्वी कोळसा भरण्या-उतरविण्याच्या एका ठिकाणी, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, एका ठेकेदाराकडे चाळीसेक माणसे होती. दुपारी १२ ते ४ उन्हातले अवजड काम टाळावे, असे परिपत्रक तेथील कचेरीत लावलेले होते. पण मजुरी टनावर होती. काम थांबविले की मजुरी थांबली, म्हणून थांबण्याचे नाव कोणी काढीत नसे. नवतपा लागण्याच्या आधीच एक जण भोवळ येऊन पडला. सुदैवाने सावलीत नेऊन, अंगावर पाणी मारून, दवाखान्यात वेळेवर पोचविल्याने तो वाचला. दुसऱ्या दिवशी आम्ही शंभर पानी वही आणली आणि समोरच्या चहाच्या टपरीवर ठेवली. रोज तारीख, माठात पाणी होते की नाही, सावली होती की नाही, काम किती वाजता थांबले, कोणाला काय झाले, एवढेच लिहावयाचे. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या वतीने टपरीवाल्याचा मुलगा लिही. अकरा दिवसांनंतर ती वही आम्ही ठेकेदारासमोर वाचून दाखविली. भाषण केले नाही. एका बाजूला परिपत्रकातले वाक्य आणि दुसऱ्या बाजूला अकरा तारखा. त्याने सकाळी ६ ते ११ आणि दुपारी ४ ते ७ अशी पाळी मान्य केली, ताडपत्री बांधली, माठ ठेवले.

येथे गोष्ट संपली असती तर आम्हांलाही बरे वाटले असते. परंतु दुपारचे पाच तास बिनमजुरीचे झाले. दूरच्या खेड्यातून येणाऱ्या दोन बायांना एवढा वेळ बसून रात्री घरी जाणे परवडेना. त्यांनी काम सोडले. ही नोंदही त्या वहीत आहे, आणि ती आमच्या विरुद्ध जाते. विश्रांती मागताना आम्ही तिची मजुरी मागितली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात ती मागितली, निम्मी मिळाली. तेव्हापासून आम्ही सांगतो की, सावली आणि पाणी देणाऱ्या आराखड्यात विश्रांतीच्या मजुरीचे कलम नसेल तर तो रोजंदारीच्या माणसापर्यंत पोचत नाही. हे कचेरीत बसून सुचणारे नाही; ठिय्यावर उभ्या असलेल्या मजुराला विचारले तर तो पहिल्याच वाक्यात सांगेल.

दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केवळ तापमापक पाहून धोका कळत नाही. घाम वाळतो म्हणून शरीर थंड राहते. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर झालेल्या शासकीय समारंभात उष्माघाताने १४ माणसे दगावली, तेव्हा तेथील पारा विदर्भाच्या मानाने फार चढलेला नव्हता. आपल्याकडेही पहिला पाऊस पडून पुन्हा ऊन पडते ते दिवस फसवे असतात.

आता पाण्याकडे येऊ. नोंद ठेवल्याने गाव कसे सावरते याचे उदाहरण म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार प्रसिद्ध आहे. तेथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद वाचतात. पिण्याचे पाणी बाजूला काढून उरलेल्यात कोणती पिके घ्यावयाची हे सभा ठरविते. ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांना तेथे मनाई आहे. शासनाच्या योजना इतर गावांना मिळाल्या त्याच त्यांनाही मिळाल्या. फरक पडला तो दरवर्षी हिशोब विचारण्याच्या सवयीमुळे.

आमचे गाव शेतीचे कमी आणि मजुरांचे अधिक. आमची नदी नागपूरलाही पाणी पाजते. येथे ताळेबंद निराळा होईल, पण होईल. शासनाने केलेले एक चांगले काम येथे सांगितले पाहिजे. २०१५ पासून नागपूरच्या भांडेवाडी येथे रोज १३० दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची सोय झाली. जेवढे हे पाणी केंद्राने घेतले तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी वाचले. ते रोज किती दिले गेले आणि किती वाचले, हा आकडा नदीकाठच्या नगरपरिषदांच्या फलकावर महिन्याला लागला, तर नळाच्या रांगेतली बाईदेखील तो वाचील.

शेवटी कोळसा. मे २०२३ मध्ये कोराडी येथे ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. बाजूचे आणि विरोधाचे असे दोन्ही लोक बोलले. एकाला रोजगार हवा होता, दुसऱ्याला श्वास. दोघेही एकाच वस्तीतले असतील, कदाचित एकाच घरातलेही. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये नांदगावच्या लोकांनी राखेविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा पर्यावरण मंत्र्यांनी तेथे जाऊन राख टाकणे थांबविण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी जुलैत खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राख कोलार नदीतून कन्हानपर्यंत आली. म्हणजे गावाने विचारले तेथे उत्तर मिळाले. जेथे विचारणारी व्यवस्था नव्हती तेथे बांध फुटल्यावर सर्वांना कळले.

जनसुनावणी ही कायद्याने दिलेली वहीच आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीत घेतलेले आक्षेप लिहून घ्यावे लागतात आणि प्रकल्प करणाऱ्याने त्यांचा विचार आपल्या अंतिम अहवालात करावा लागतो. आपले लोक सुनावणीला जातात, घोषणा देतात आणि परत येतात. इतिवृत्तात आपले म्हणणे आले की नाही, आणि अहवालात त्याला काय उत्तर मिळाले, हे मागाहून वाचणारे थोडे. खरे काम तेथे आहे.

कोळसा एक दिवस कमी होणार. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत दिले आहे. खाण बंद झाली की कायम कामगाराची दुसऱ्या खाणीत बदली होऊ शकते. ठेकेदाराच्या माणसाला मात्र ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच ऐकावे लागते. म्हणून आमची मागणी अशी की, हवामानाच्या आराखड्यात झाडांचा आणि सौर तावदानांचा हिशोब असतो तसा या माणसांचाही असावा: कोणत्या खाणीत किती ठेका कामगार आहेत, खाण केव्हा संपते, आणि त्याआधी कोणते काम त्यांना शिकविणार. ही यादी आज केली तर वीस वर्षे हाताशी आहेत. पुढे ढकलली तर ज्यांनी देशाला वीज दिली त्यांच्याच घरात अंधार होईल, आणि मग हवामानाचे नाव काढले की लोक तोंड फिरवतील. त्यांना दोष देता येणार नाही.

येथे दोन शंका निघतील. पहिली अशी की, प्रश्न साऱ्या जगाचा. कन्हानने वही ठेवून जगाचे तापमान उतरणार आहे काय? उतरणार नाही. पण उन्हाने पडणारा माणूस कन्हानचाच असतो, आणि त्याला वाचविण्याचा माठ कन्हानलाच भरावा लागतो. दुसरी शंका आमच्याच मित्रांची आहे: लोकसहभाग म्हणजे शासनाने आपले काम लोकांच्या गळ्यात घालणे. ही भीती खोटी नाही. श्रमदान लोकांनी करावयाचे आणि निर्णय दुसऱ्यांनी घ्यावयाचा, असा सहभाग आम्हांलाही नको. म्हणूनच आम्ही वहीत दोन रकाने सांगितले. एकच रकाना असेल तर ती वेठबिगार झाली.

या उन्हाळ्यापुरते आमचे सुचविणे लहान आहे. प्रत्येक प्रभागात, ठिय्यावर आणि कामाच्या ठिकाणी एक वही असावी. पाणी, सावली, मजुरी आणि आजारपण यांची नोंद रोज व्हावी. आठवड्याला ती नगरपरिषदेत आणि महिन्याला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावी, आणि उत्तर तारखेसह परत यावे. वहीला पन्नास रुपये पडतात. लिहिणारा माणूस मात्र रोज मिळाला पाहिजे, आणि तो उन्हाळा संपेपर्यंत टिकला पाहिजे. आमच्या टपरीवरच्या मुलाने अकरा दिवस लिहिले. येथे बसलेल्यांपैकी ज्यांना लिहिता येते त्यांनी एक उन्हाळा लिहावे, एवढीच आमची विनंती आहे.